वय झाकणारा बायोडाटा काय कामाचा?

पंचेचाळिशी ओलांडलेला ऑपरेटर किंवा सुपरवायझर पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात नवी नोकरी शोधू लागला की त्याला एक सल्ला हमखास मिळतो : बायोडाट्यातून जन्मतारीख काढा, आयटीआयचे वर्ष खोडा, पहिल्या दोन नोकऱ्या गाळून टाका. सल्ला आपुलकीने दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे.

या पट्ट्यात उतारवयात नोकरी जाते ती बहुतेकदा माणसाच्या दोषामुळे जात नाही. बजाज ऑटोने आकुर्डीतले उत्पादन २००७ मध्ये थांबवले. जनरल मोटर्सच्या तळेगाव कारखान्यातले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये संपले आणि तो कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. अशा वेळी बाहेर पडणाऱ्याच्या हातात वर्षानुवर्षांचे काम असते, मात्र ते कागदावर मांडण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेली नसते. मग झेरॉक्सच्या दुकानातला तयार नमुना भरला जातो. त्यात वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद हे सगळे येते आणि माणूस नेमके काय काम करतो तेवढे राहून जाते.

वय लपवणे मुळात टिकतच नाही. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदाला २०१४ पासून यूएएन हा एकच कायम क्रमांक मिळतो. कंपनी बदलली तरी क्रमांक तोच राहतो आणि त्याखाली आधीच्या नोकऱ्यांची नोंद असते. आधार कार्डावर जन्मसाल असतेच. म्हणजे झाकलेली गोष्ट एचआरच्या टेबलावर उघडी पडते, आणि तिथे प्रश्न वयाचा न राहता खरेपणाचा होतो. शिवाय आकडा वाटतो तितका वाईटही नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत निवृत्तिवेतनाचे वय ५८ धरले आहे. त्या हिशेबाने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अर्ज करणाऱ्याजवळ दहा वर्षे शिल्लक असतात. वरचेवर कंपनी बदलणाऱ्या तरुणाकडून मालकाला तेवढी मिळतीलच असे नाही.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे अनुभव मोठा तर बायोडाटाही मोठा. चार पानांवर प्रत्येक नोकरी, प्रत्येक प्रशिक्षण, जुनी प्रशस्तिपत्रे. हेही तितकेच घातक आहे. शेवटची दहा-पंधरा वर्षे सविस्तर लिहावीत. त्याआधीच्या नोकऱ्यांना कंपनी, पद आणि साल अशी एकेक ओळ पुरते. हे लपवणे नव्हे, कारण साल तिथे आहेच. जुने झालेले मात्र निर्दयपणे बदलावे. वाहन उद्योगाच्या गुणवत्ता पद्धतीसाठी २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ आले, तरी कित्येक बायोडाट्यांत अजून टीएस १६९४९ असते. वाचणाऱ्याला जन्मतारखेपेक्षा अशी ओळ अधिक खटकते, कारण त्या माणसाचे शिकणे कुठे थांबले हे ती सांगते.

बायोडाट्याचा खरा भार कामाच्या ओळींवर असतो. ‘सीएनसी विभागात काम केले’ या ओळीतून काहीच कळत नाही. ‘फॅनुक कंट्रोलच्या सहा टर्निंग सेंटरचे सेटिंग; जॉब बदलण्याचा वेळ नव्वद मिनिटांवरून चाळीस मिनिटांवर आणला; चार नवे ऑपरेटर तयार केले’ असे लिहिले की मशीन, जबाबदारी आणि परिणाम तिन्ही दिसतात. आकडे अर्थातच स्वतःचे आणि खरे हवेत, कारण मुलाखत घेणारा प्रॉडक्शन मॅनेजर पहिला प्रश्न त्यांवरच विचारतो. रिजेक्शन किती उतरले, ब्रेकडाऊन किती कमी झाले, ग्राहकाच्या ऑडिटला कोण सामोरे गेले, ही वयस्क उमेदवाराची खरी मिळकत आहे आणि नेमकी तीच लिहायची राहते. आयएटीएफमध्ये अंतर्गत ऑडिटरच्या पात्रतेसाठी स्वतंत्र कलम आहे. ज्याने अशी ऑडिट केली आहेत त्याने ती पहिल्या पानावर, वरच्या अर्ध्यात लिहावीत. सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरला असा माणूस हवाच असतो. मधला रिकामा काळही झाकू नये. ‘कारखाना बंद झाल्याने सेवा समाप्त’ एवढी एक ओळ पुरेशी आहे.

‘ओळखीशिवाय इथे काही होत नाही, बायोडाटा कोण वाचतो?’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. पण ओळखीचा माणूससुद्धा व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफच पुढे पाठवतो. ती दोन पानांची, मोबाइलवर वाचता येणारी आणि नाव-पद स्पष्ट असलेली असेल, तरच त्याच्या शब्दाला वजन येते.

वयामुळे नकार मिळतो, हे मात्र नाकारता येणार नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या उमेदवाराला वयावरून डावलण्याविरुद्ध १९६७ पासून कायदा आहे. भारतात खासगी नोकरीसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही, आणि तो व्हायला हवा. तोवर अर्ज कुठे करायचा याची निवड महत्त्वाची ठरते. मोठ्या कंपनीच्या ट्रेनी भरतीत वयाची अट असते; तिथे उत्तम बायोडाटाही वाया जातो. भोसरीतल्या किंवा चाकणमधल्या लहान युनिटमध्ये मालक किंवा प्लांट हेड स्वतः कागद वाचतो आणि बंद पडलेली लाइन सुरू करू शकणारा माणूस शोधत असतो. तिथल्या अर्जात टूल रूम, मेंटेनन्स, क्वालिटी किंवा प्रशिक्षण यांपैकी एकच पद ठळक मागावे आणि त्या पदाशी जुळणारे काम सर्वांत वर ठेवावे.