घाट उतरण्याआधी

यंदा आमच्या परदेशीपुऱ्याच्या गल्लीत तीन घरी गाड्या आल्या, तिन्ही सेकंडहँड. त्यातली एक शेजारच्या मुलाची, दहा वर्षं जुनी. आईला धुळ्याला एकवीरादेवीच्या दर्शनाला न्यायचं, म्हणून घेतली. सीटकव्हर नवं, गाण्यांची व्यवस्था नवी, पॉलिश असं की त्यात बघून भांग पाडावा. ब्रेकचं विचारलं तर म्हणाला, "काका, एकदम मस्त लागतात. कालच राजवाड्यापर्यंत जाऊन आलो."

मंडळी, राजवाड्यापर्यंतचा ब्रेक वेगळा आणि घाटातला वेगळा. गावात आपण ब्रेक दाबतो, सोडतो, मधल्या वेळात तो थंड होतो. मानपूरच्या पुढे माळवा संपून निमाडात उतरताना पाय पेडलवरून निघत नाही. डिस्क आणि ड्रम तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते.

या ऑइलचा स्वभाव थोडा विचित्र. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, डबीचं झाकण घट्ट असलं तरी. डॉट 3 जातीचं नवं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की ही हद्द 140 वर येऊ शकते. डॉट 4 मध्ये तीच 230 वरून 155. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, ऑइल दबत नाही. मग पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. अर्ध्या तासाने सगळं थंड झालं की पेडल पुन्हा कडक! मिस्त्री म्हणतो, "भैया, इसमें तो कुछ नहीं है." म्हणून जुनी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात ऑइल बदला, आधीचा मालक काहीही सांगो. पुढे बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत दोन वर्षांची मुदत असते. जात झाकणावर लिहिलेली असते, तीच घाला. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबरी सील फुगून निकामी होतात.

शेजारची गाडी जॅकवर चढवून चारही चाकं काढली. डबीतलं ऑइल कडक चहासारखं काळपट. मागच्या एका ड्रममध्ये व्हील सिलिंडर पाझरत होता आणि लायनर ओले झाले होते. गावात हे कधीच कळलं नसतं. दोन्ही बाजूंचे लायनर बदलले. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक दाबताना गाडी ओढते.

माझा भाचा अमेरिकेत गाडीमागे ओढायचं जुनं फिरतं घर घेऊन हिंडतो. त्या ट्रेलरच्या चाकांना विजेवरचे वेगळे ब्रेक असतात, आणि ट्रेलर सुटलाच तर ते आपोआप लागावेत म्हणून त्याची स्वतःची बॅटरी. त्यालाही मी हेच सांगितलं: विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नकोस, चाकं उघड.

दोन गोष्टी घरीच बघता येतात. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल दाबा, मग दाबून धरून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर ठीक. नंतर अर्धा मिनिट तसंच दाबून ठेवा. ते हळूहळू खाली सरकत राहिलं तर मास्टर सिलिंडर दाखवून घ्या. डबीतली पातळी कमी दिसली तर नुसतं वरून ओतू नका. एक तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय.

धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट तर आपल्याला माहीत आहेच. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथे किती घरं उजाड केली! 2024 च्या अखेरीस उतरायला नवा रस्ता झाला, ते बरंच झालं. मोठ्या ट्रकांचे ब्रेक हवेवर चालतात, तिथे ऑइल उकळायचा प्रश्न नाही. पण ड्रम तापले की लायनर पकडच सोडतात. त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की सगळा भार ब्रेकवर. आपल्या मोटारीलाही तेच लागू. उतारावर इंजिन बंद करणं तर त्याहून वाईट, बूस्टरचा जोर जातो आणि पॉवर स्टीअरिंगही जड होतं.

ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटातही तसंच. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू द्या. खाली पोचल्यावर जळका वास आला तर सपाट जागी थांबा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढू नका. आणि चाकांवर पाणी मारू नका, तापलेली डिस्क वाकडी होते. निवांत चहा घ्या, तोवर ती आपोआप निवते.