रानातली अळंबी: अ‍ॅपने नाव सांगितलं म्हणून खायची का?

पावसाळ्यात मणिबेलीसारख्या सातपुड्यातल्या गावाजवळ फिरताना अळंबी दिसली, की आपण लगेच गुगल लेन्स उघडतो. नाव मिळतं, पण अ‍ॅप फक्त फोटोतलं साम्य बघतं. वास, बीजाणूंचा रंग, मातीत दडलेला देठाचा बुंधा त्याला कळत नाही. आणि विषारी अळंबी बरेचदा त्यावरूनच ओळखू येते. एआयने लिहिलेल्या वाटणाऱ्या अळंबीच्या पुस्तकांबद्दल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या अभ्यासकांनी असाच इशारा दिला होता. अमॅटॉक्सिन हे विष शिजवूनही जात नाही, त्रासही बहुतेकदा ६ तासांनंतर सुरू होतो.

फोटो मात्र जरूर काढा: वरून, छत्रीखालून, बुंध्याचा. लोकेशन चालू ठेवा, रेंज आल्यावर आयनॅचरलिस्टवर टाका. तिथे माणसंही ओळख तपासतात. जाणतं माणूस सोबत नसेल, तर खाऊ नका.