दाबून धरलेलं कुत्रं धीट होत नाही

"धरून ठेवा, दोन दिवसांत सवय होते." बुजऱ्या कुत्र्यासाठी आपल्याकडं हा एकच इलाज सांगितला जातो. गावात सांगतात, डॉग शोच्या मैदानावर सांगतात आणि फौजेतही काही जुने उस्ताद हेच सांगायचे. मला हा इलाज मान्य नाही. दाबून धरल्यानं कुत्रं गप्प होतं, धीट होत नाही.

विषय निघाला तो तिरुनीलक्कुडीमुळं. चेन्नईला बदली झाल्यापासून आमच्या पलटणीतल्या एका रिटायर्ड हवालदारांचा आग्रह चालू होता. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला तंबी म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. कुंभकोणमजवळचं त्यांचं हे भाताचं गाव, एके काळी तंजावरच्या मराठ्यांच्या मुलखातलं. तीन दिवसांची सुटी काढून गेलो. पेन्शनीत आल्यावर अण्णांनी राजपालयम जातीची कुत्री आणली आहे. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची, नऊ महिन्यांची. नाव मल्ली. महिन्यावर शो आलेला, एंट्री भरून झालेली. अडचण एवढीच की परक्याचा हात पाठीवर आला की मल्ली शेपूट पायांत घालून खाली बसते.

शोमध्ये परीक्षक कुत्र्याला नुसतं लांबून बघत नाही. ओठ उचलून दात बघतो, मान, छाती, पाठ, मांड्या चाचपतो, मग पळवून चाल बघतो. हे सगळं अनोळखी माणूस, अनोळखी जागा आणि भोवती पन्नास कुत्री भुंकत असताना.

राजपालयम शिकारीसाठी आणि राखणीसाठी पाळली गेलेली जात. परक्याचा संशय घेणं हा तिचा गुण म्हणूनच जपला गेला. २००५ साली टपाल खात्यानं चार देशी जातींवर तिकिटं काढली, त्यांत आपल्या ओळखीच्या मुधोळबरोबर राजपालयमही होती. पण मैदानात शेपूट घातलेली दिसली की लोक म्हणतात, "देशी ना, बुजरीच असणार," आणि लॅब्राडोरचं पिल्लू घ्यायला जातात. सोलापूर-सांगलीकडं कारवानी पाळणाऱ्यांनाही हे ऐकावं लागतं. दोष जातीचा नसतो, पिल्लू वाढवण्याच्या पद्धतीचा असतो.

स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं सांगणं असं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसांना सहज स्वीकारतं. मल्लीचे ते आठवडे शेतावरच्या गोठ्यात, दोनच माणसं बघत गेले. ती वेळ परत येत नाही. पण म्हणून सगळं संपलं असंही नाही. आता वेळ जास्त लागणार, एवढंच.

आम्ही अंगणात एक गोणपाट अंथरलं. मल्ली स्वतःहून त्यावर आली तरच काम सुरू, खाली उतरली की काम बंद. कोणी ओढायचं नाही, पट्टा सैल. मी कडेला तिरका बसलो, तिच्या डोळ्यांत न बघता. खांद्याला एक सेकंद हात, हात बाजूला, मग उकडलेल्या अंड्याचा तुकडा. क्रम महत्त्वाचा. आधी हात, नंतर खाऊ. खाऊ दाखवून तोंड गुंतवलं आणि मागून हात फिरवला, तर कुत्रं खाऊचाही संशय घ्यायला लागतं. खांद्यावरून छाती, मग पाठ, मग पाय. डोक्यावरून हात नाही. दोन-तीन मिनिटं झाली की सुटी.

इथं फौजी माणसाला एक गोष्ट चटकन कळेल. सावधानमध्ये उभा असलेला नवा रंगरूट शांत दिसतो, पण त्याच्या पोटात काय चाललंय ते त्यालाच ठाऊक. कुत्र्याचं तसंच. दाबून धरल्यावर ते हलत नाही, तेव्हा लोक म्हणतात, "बघा, झाली सवय." त्याचं तोंड बघा. ओठ चाटतं, जांभया देतं, मान फिरवतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, अंग लाकडासारखं ताठ. ते कुत्रं तयार नाही, अडकलं आहे. असंच कुत्रं एक दिवस 'अचानक' चावतं.

अण्णांचे थोरले भाऊ म्हणाले, "जनावराला विचारत बसलात तर काम कधी होणार? गोळी लागलेल्या कुत्र्याला काय गोणपाट दाखवणार?" प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनागच्या कारवाईत आपल्या झूमला दोन गोळ्या लागल्या. श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात उपचार झाले, १३ तारखेला तो गेला. तसल्या वेळी कुत्र्याला धरावंच लागतं, त्याची मर्जी विचारता येत नाही. पण म्हणूनच एरवी विचारायचं. रोजच्या शंभर साध्या स्पर्शांत त्याचं ऐकलं गेलं असेल, तर एका वाईट दिवशीचा जबरदस्तीचा हात ते सोसतं. ती शिदोरी आधी बांधावी लागते.

आणि हे फक्त शोपुरतं नाही. गोचीड काढणं, नखं कापणं, रेबीजची लस, पायातला काटा, सगळीकडं परका हात येतोच. हात लावू न देणारं कुत्रं शेवटी साखळीला बांधलं जातं आणि त्याची जखम तशीच चिघळते. चषकापेक्षा मला याची काळजी जास्त वाटते.

तिसऱ्या संध्याकाळी मल्लीनं पाठीपर्यंत हात लावू दिला. ओठाकडं हात गेला तशी ती गोणपाटावरून उतरली. आम्ही तिथंच थांबलो. माझं मत मी स्पष्ट सांगितलं, की या शोला तिला नेऊ नका. महिन्याभरात तोंड उघडून घ्यायचं तर दाबूनच घ्यावं लागेल, आणि मैदानावर एकदा बसलेली भीती निघायला वर्ष जाईल. अण्णांना वाईट वाटलं. एंट्रीचे पैसे गेले, गावात सांगून झालं होतं. रात्री जेवताना म्हणाले, "तंबी, पुढच्या वर्षी." तोवर दर आठवड्याला एक नवा माणूस गोणपाटाशेजारी बसवायचं ठरलं आहे. पहिला नंबर थोरल्या भावांचा.

इथल्या नीलकंठेश्वराच्या पिंडीवर घातलेलं तेल दगडात मुरतं, असं गावकरी सांगतात. विश्वासही असाच मुरावा लागतो. आपल्यापैकी बरेच जण पेन्शनीत आल्यावर कुत्रं पाळतात. त्यांना एवढंच सांगणं, की हुकूम आपण वीस वर्षं सोडले. आता अंगणात एक गोणपाट अंथरा आणि कुत्रं आपणहून येण्याची वाट बघा.