चेंडू चालला, पेला चालला नाही

मैदानाला जात नसते, हे वाक्य शाळांच्या क्रीडामहोत्सवांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्याची सत्यता तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. ती तपासावयाची झाल्यास पालवणकर बाळू यांच्या चरित्रासारखी दुसरी कसोटी नाही. हा डावखुरा मंदगती गोलंदाज जवळजवळ तीन दशके चेंडू टाकीत राहिला. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्याने १७९ बळी मिळविले आणि तेही प्रत्येकी सुमारे पंधरा धावांच्या मोबदल्यात. भारताचा पहिला थोर गोलंदाज हा मान त्याला इतिहासकारांनी दिला आहे. परंतु त्याच्या गुणांचे कौतुक करताना त्याला काय मिळाले नाही, याचा हिशेब मात्र सोयीस्करपणे बाजूस ठेवला जातो.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. आडनावाचे वळण कोकणातले. वडील लष्करात नोकरीस असल्यामुळे बालपण पुण्यास गेले आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर या भावंडांनी क्रिकेटचे धडे गिरविले. पुढे एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोळवण्याचे काम महिना तीन रुपयांवर मिळाले आणि तेथून युरोपियनांच्या पूना क्लबात बाळूंचा प्रवेश झाला, तोही नोकर म्हणूनच. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. त्यांना सरावासाठी बाळू तासन्‌तास गोलंदाजी करीत, आणि बाद केल्यास ग्रेग त्यांना आठ आणे बक्षीस देत, असे सांगितले जाते. या सर्व काळात त्यांच्या हाती बॅट मात्र कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा अधिकार आणि गोलंदाजी हे राबणाऱ्याचे काम, अशी ती विभागणी होती. वर्णव्यवस्थेत वाढलेल्या समाजास ती अपरिचित वाटण्याचे कारण नव्हते.

साहेबास बाद करणारा हा मजूर आपल्या संघात असावा, असे पुण्याच्या हिंदू क्लबास वाटू लागले, तेव्हा सभासदांत मोठाच वाद झाला. अखेर जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा प्रबळ ठरली. तथापि तडजोड कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. सीमारेषेच्या आत बाळूंनी हाताळलेला चेंडू सर्वांनी हाताळावा. पण चहाच्या वेळी इतर खेळाडूंनी मंडपात कपबशीतून चहा घ्यावा आणि बाळूंनी बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूला विटाळ लागत नाही आणि पेल्याला लागतो, हा सिद्धांत कोणत्याही धर्मग्रंथात सापडणार नाही. तो केवळ गरजेच्या शास्त्रात सापडतो. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, हे त्या दोघांस भूषणावहच होते. पण सत्काराचा हार एका सायंकाळचा असतो, पेला रोजचा असतो.

प्लेगच्या साथीनंतर बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा सिंहाचा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्य झाली. पण बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. अनोळखी हवामानात आणि पस्तिशीच्या वयात मिळविलेले हे यश होते.

त्यानंतर कर्णधारपद त्यांच्याकडे यावे, हे न्यायाला धरून होते. १९१३ साली ते एम. डी. पै यांना मिळाले. हा मान ज्येष्ठ व अनुभवी बाळूंचा होता, असे खुद्द पै यांनीच जाहीरपणे सांगितले. बाळूंच्या योग्यतेविषयी कोणास शंका नव्हती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता असू शकतो? १९२० साली त्यांना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. त्या निग्रहापुढे निवड समितीस नमते घ्यावे लागले. अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले आणि पै यांनी काही वेळ मैदान सोडून त्यांना नेतृत्वाची संधी दिली. हिंदू संघाचे पूर्ण कर्णधारपद या घराण्यात आले ते १९२३ साली, विठ्ठल यांच्याकडे. म्हणजे बाळूंच्या बळींनी जे दार उघडले नाही, ते भावांच्या असहकाराने किलकिले झाले, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने १९४७ साली वर्णभेदाची भिंत ओलांडली. त्यापूर्वीच्या कित्येक गुणी चेंडूफेक्यांची उमेद वेगळ्या संघांत राबण्यातच संपली. वेस्ट इंडीजचे पूर्ण मालिकेसाठीचे नेतृत्व फ्रँक वॉरेल या कृष्णवर्णीयाकडे आले ते १९६० साली. श्रम घ्यावेत आणि अधिकार देऊ नये, ही उच्चवर्णीयांची रीत सर्व खंडांत सारखीच दिसते.

रत्नागिरीकरांना हा विषय परका वाटू नये. याच नगरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी सहभोजने घडविली, आणि १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने पतितपावन मंदिर सर्व हिंदूंस खुले झाले. याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे आहे. बाळूंविषयी आंबेडकरांना आदर होता. तरीही पुढे दोघांचे मार्ग भिन्न झाले. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही स्वाक्षऱ्या आहेत, पण १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाळू आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. समाजाचे मन गुणांनी आणि सौजन्याने पालटेल, ही बाळूंच्या मार्गामागची श्रद्धा. हक्क कोणाच्या मनावर अवलंबून ठेवता येत नाहीत, हा आंबेडकरांचा निष्कर्ष. बाळूंना त्यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा पुरावा मात्र आंबेडकरांच्या बाजूने साक्ष देतो.

बाळूंचे चरित्र 'गुणांचा विजय' या मथळ्याखाली शिकविणाऱ्या शिक्षकांनी म्हणून थोडे थांबावे. असाधारण गुण असलेल्यास मातीच्या भांड्यात का होईना चहा मिळाला. ज्यांच्या हाती तसा चेंडू नव्हता, त्यांचे काय झाले? माणुसकीची वागणूक हे बळी मिळविल्याचे बक्षीस नव्हे. बळी न मिळविणाऱ्याचाही तो हक्क आहे. आजही कोण्या शाळेत एखाद्या मुलाला खेळायला घेतात आणि त्याच्या घरचे पाणी टाळतात, तेथे बाळूंचा अर्धाच धडा गिरविला गेला आहे.

अस्पृश्यता पाळणे शिक्षापात्र ठरविणारा कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला. त्यानंतर सुमारे महिनाभराने, जुलैमध्ये, पालवणकर बाळू यांचे निधन झाले. ज्या पेल्यासाठी त्यांना एके काळी बाहेर उभे राहावे लागले, त्यावरील त्यांचा अधिकार कायद्याने मान्य होण्यास त्यांचे सारे आयुष्य खर्ची पडले.