विश्लेषण : नागिणीच्या गोळीसाठी पॅलेडियम का लागते?

युक्रेन युद्ध सुरू झाल्यानंतर मार्च 2022 मध्ये पॅलेडियमचा भाव औंसाला तीन हजार डॉलरच्या वर गेला. चर्चा झाली ती मोटारींची, कारण हा धातू मुख्यतः पेट्रोल गाड्यांचा धूर स्वच्छ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जातो. पण औषध कारखान्यांनाही तो लागतो. खाणीतून निघणाऱ्या पॅलेडियमचा बहुतांश वाटा रशिया आणि दक्षिण आफ्रिका या दोनच देशांतून येतो.

कारखान्यात त्याचे काम काय?

नागिणीवर दिले जाणारे व्हॅलासायक्लोव्हिर घ्या. असायक्लोव्हिर या जुन्या औषधाला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडले की ते तयार होते आणि शरीरात जास्त शोषले जाते. अडचण अशी, की अमिनो आम्लाला क्रिया करणारी दोन टोके असतात. दोन्ही मोकळी ठेवली तर व्हॅलिन औषधाऐवजी दुसऱ्या व्हॅलिनलाच जाऊन चिकटते. म्हणून त्याच्या अमिनो टोकावर आधी ‘सीबीझेड’ नावाची रासायनिक टोपी चढवतात. मॅक्स बर्गमन आणि लिओनिडास झेरव्हास यांनी 1932 मध्ये शोधलेली ही युक्ती आजही वापरात आहे.

जोडणी झाली की टोपी काढायची. तीव्र आम्ल वापरले तर नव्याने जुळलेला बंधही तुटण्याची भीती. त्याऐवजी कोळशाच्या भुकटीवर पसरलेले पॅलेडियम द्रावणात घालून हायड्रोजन सोडतात. धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे रेणू फुटतात आणि टोपी तुटून निघते. मागे उरतात टोल्युइन आणि कार्बन डायऑक्साइड. इतकी स्वच्छ रीत रसायनशास्त्रात क्वचितच सापडते.

भुकटी मग गाळून घेतात. कोरडी पडली तर ती हवेत आपोआप पेट घेऊ शकते, त्यामुळे ओलीच ठेवावी लागते. त्यातला धातू परत मिळवता येतो. औषधात राहिलेल्या अंशावरही बंधन आहे : आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार पोटात घ्यायच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅम, इंजेक्शनमधून फक्त 10.

आता हा विषय का?

सेमाग्लुटाइडसारख्या पेप्टाइड औषधांची मागणी प्रचंड वाढली आहे. मार्च 2026 ही भारतात त्याच्या पेटंटची मुदत असल्याने अनेक कंपन्या त्यात उतरल्या. अशा लांब साखळ्या रासायनिक पद्धतीने बांधताना साधारणपणे दुसऱ्या टोप्या वापरतात आणि शेवटी त्या ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्लाने उतरवतात. हे आम्ल निसर्गात जवळपास विघटित होत नाही. ते प्रजननास घातक मानावे, हा जर्मनीचा प्रस्ताव 2025 मध्ये युरोपीय रसायन संस्थेने हरकतींसाठी खुला केला.

मग हायड्रोजनच का नको? कारण या साखळ्या राळेच्या मण्यांवर वाढवल्या जातात. पॅलेडियमची घन भुकटी मण्यांच्या आत पोहोचत नाही. शिवाय सिस्टीन, मेथिओनिन यांसारख्या गंधकयुक्त अमिनो आम्लांनी हा धातू निकामी होतो. म्हणजे स्वच्छ रीत हाताशी असूनही ती मुख्यतः छोट्या रेणूंपुरतीच सोयीची.

त्या छोट्या रेणूंसाठीही पॅलेडियमचा भाव औषध उद्योग ठरवत नाही. त्याची खरेदी त्या मानाने किरकोळ. ठरवतात त्या मोटारी. विजेवरच्या गाड्यांना कन्व्हर्टर लागत नाही, त्यामुळे त्या वाढतील तसा या धातूवरचा ताण कमी होऊ शकतो. खाणी मात्र त्याच दोन देशांत राहतील.