मनाचा स्वीकार आणि परिपत्रकांचा भार

वऱ्हाडातील दुःखाचा विचार करताना आपली दृष्टी प्रथम शेतकऱ्याकडे वळते, आणि ते योग्यच आहे. परंतु अतिवृष्टीनंतर बांधावर उभा राहून पंचनामा करणारा तलाठी, पीककर्जाच्या हंगामात ग्रामीण शाखेच्या खिडकीमागे बसलेला लिपिक, अध्यापनाबरोबरच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचे काम सांभाळणारा जिल्हा परिषदेचा शिक्षक, यांच्या मनःस्थितीची दखल सहसा कोणी घेत नाही. यांतील पुष्कळजण शेतकऱ्यांचीच मुले. पगारातून गावाकडच्या कोरडवाहू शेतीचा खर्च भागवायचा आणि दिवसभर दुसऱ्याच्या नापिकीचे कागद हाताळायचे, असा हा दुहेरी भार आहे. नोकरदार म्हणजे सुखी, या समजुतीमुळे त्यांना तक्रारही करता येत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

अशा माणसांसाठी स्वीकार व सजगता यांवर आधारलेल्या मानसोपचारांची शिफारस अलीकडे वारंवार केली जाते. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा सजगतेचा पाठ्यक्रम सुरू केला. पुढे स्टीव्हन हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीकारावर आधारलेली स्वतंत्र उपचारपद्धती विकसित केली. तिचे सूत्र साधे आहे. मनात उठणारी भीती किंवा विषण्णता हुसकून लावण्याच्या धडपडीतच माणसाची शक्ती खर्ची पडते. ती धडपड सोडावी, विचाराला विचार म्हणून ओळखावे आणि जे आपल्याला मोलाचे वाटते त्या दिशेने पाऊल टाकीत राहावे. ‘उद्याच्या तपासणीत माझी फजिती होणार’ या वाक्याने शिक्षक रात्रभर तळमळतो. ‘फजिती होईल असा एक विचार माझ्या मनात आला आहे’ असे त्याला म्हणता आले, तर तपासणी टळत नाही. पण झोप लागण्याची शक्यता वाढते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. सजगतेचे मूळ बौद्ध साधनेत आहे. सत्यनारायण गोएंका 1969 मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले आणि 1976 मध्ये इगतपुरीला विपश्यनेचे केंद्र उभे राहिले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीतील सामुदायिक ध्यान-प्रार्थनेमुळे एकत्र शांत बसणे अमरावतीकरांच्याही परिचयाचे आहे. तथापि, साधना आणि उपचार यांत भेद केला पाहिजे. उपचाराला कसोटी लावावी लागते, आणि ती लावली गेली आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चिंताविकाराच्या 276 रुग्णांपैकी काहींना सजगतेचा आठ आठवड्यांचा पाठ्यक्रम व इतरांना नेहमीचे औषध देण्यात आले. पाठ्यक्रम औषधापेक्षा कमी ठरला नाही.

येथे एक रास्त शंका उद्भवते. स्वीकार म्हणजे निमूटपणे सोसणे काय? रिक्त पदे भरायची नाहीत, विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला तुटपुंज्या मानधनावर राबवायचे, आणि वर त्यालाच श्वासाकडे लक्ष देण्याचा उपदेश करायचा, हा प्रकार उपचाराचा नव्हे, उपहासाचा होईल. ब्रिटनमधील 233 संस्थांतील 46 हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. ताणनियोजनाच्या किंवा सजगतेच्या वर्गांत भाग घेणारे कर्मचारी न घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुस्थितीत आढळले नाहीत. कामाचा बोजा तसाच ठेवून केलेल्या मलमपट्टीची मर्यादा यावरून कळते.

म्हणून उपचारच थोतांड, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. सरसकट सर्वांसाठी भरविलेले वर्ग वेगळे आणि झोप उडालेल्या, कामावर जाण्याच्या कल्पनेनेच छाती धडधडणाऱ्या माणसावरील उपचार वेगळे. व्यवस्था सुधारेपर्यंत त्याने थांबावे, असे म्हणणे निर्दयपणाचे ठरेल. शिवाय या पद्धतीत स्वीकारायचे असते ते मनात उठणारे भय; अन्याय्य आदेश नव्हे. ज्याचे मन थोडे स्थिरावले, तोच वरिष्ठांकडे अर्ज करू शकतो, संघटनेच्या सभेत उभा राहू शकतो. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याला मात्र केवळ सजगतेवर विसंबू न देता तत्काळ डॉक्टरकडे नेले पाहिजे. 14416 या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ सेवा त्यासाठीही आहे.

मानसतज्ज्ञ दुर्मीळ असताना हे वऱ्हाडात कसे घडावे? उत्तर अमरावती जिल्ह्यानेच दिले आहे. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेने ‘विश्राम’ उपक्रमात जिल्ह्यातील 30 खेड्यांत सामान्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन उभे केले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 4 टक्क्यांवरून 27 टक्क्यांवर गेले. स्वीकारावर आधारलेला, ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने चालणारा पाच बैठकांचा पाठ्यक्रम जागतिक आरोग्य संघटनेने तयार केला आहे; युगांडातील निर्वासित स्त्रियांमध्ये तो तज्ज्ञांवाचून चालविला गेला आणि उपयुक्त ठरला. निर्वासितांच्या छावणीत जे साधले, ते अकोट वा अचलपूरच्या पंचायत समितीच्या सभागृहात का साधू नये?

मात्र काही अटी पाळाव्या लागतील. बैठका कामाच्या वेळेत व्हाव्यात. रविवार हिरावून घेऊन मनःशांती शिकवता येत नाही. त्या ऐच्छिक असाव्यात. जो येईल त्याची नोंद सेवापुस्तकात वा गोपनीय अहवालात होता कामा नये. अन्यथा ज्याला खरी गरज आहे, तोच दूर राहील. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांची देखरेख असावी आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या परिसरातील मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रशिक्षणाचा भार उचलावा.

शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. ताणमुक्तीच्या शिबिराचे परिपत्रक ज्या दिवशी निघेल, त्याच दिवशी अनावश्यक कामे रद्द करणारे दुसरे परिपत्रकही निघाले पाहिजे. पहिले कर्मचाऱ्याला आपल्या मनाकडे पाहावयास शिकवील. दुसऱ्यावरून शासन आपल्या कर्मचाऱ्याकडे पाहते की नाही, हे कळेल.