गाडीचं कुलूप आणि घरची रोजी



‘गाडीला जीपीएस बसवून घ्यावं का? तेवढे पैसे घालण्यात काही अर्थ आहे का?’ हा प्रश्न आता शहरापुरता राहिलेला नाही. ज्या घराची रोजी पिकअपच्या, टेम्पोच्या किंवा साध्या मोटारसायकलच्या चाकावर फिरते, त्या घरात तो हमखास निघतो. भाऊ म्हणतो बसवू, अब्बा म्हणतात कशाला, आणि घरखर्च सांभाळणारी बाई विचारते की पैसे कुठून काढायचे. तिघांचंही बरोबर असतं. एखादं गाव डोळ्यांसमोर ठेवून हिशेब मांडला, तर उत्तर सोपं होतं. आपण जुन्नर तालुक्यातलं बेल्हे घेऊ.

बेल्हे हे बाजाराचं गाव. दर सोमवारी इथे आठवडे बाजार भरतो आणि बैलबाजारासाठी तर लांबून लोक येतात. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही कडांना दुचाकी, पिकअप आणि टेम्पो दाटीवाटीने उभे असतात. कोणती गाडी कोणाची, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही माहीत नसतं. एखाद्याने हँडलला झटका देऊन गाडी सुरू केली, तरी कुणाला वावगं वाटत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्यांची. बेल्हे कल्याण-नगर महामार्गावर आहे. पूर्वेला आणे घाट ओलांडला की अहिल्यानगर जिल्हा लागतो. पश्चिमेला थोड्याच अंतरावर आळेफाटा. तिथून एक रस्ता संगमनेर-नाशिकला, एक नारायणगाव-चाकणवरून पुण्याला, तर एक ओतूरवरून माळशेज घाट उतरून ठाणे जिल्ह्यात जातो. शिवाय बेल्हे-जेजुरी रस्ता पाबळ-शिक्रापूरकडे निघतो. म्हणजे चोराला पळायला वाटा भरपूर. दोन तास गेले की गाडी कोणत्या जिल्ह्यात असेल, सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. चोर गाडीपेक्षा मालकाची वेळ जास्त पाहतो. मालक किती वेळ परत येणार नाही, हे आधीच कळलं तर त्याचं काम सोपं होतं. लग्नाचा मांडव, दवाखान्याबाहेरची जागा, एसटी स्टँड ही अशी ठिकाणं. मशिदीबाहेरची रांगही त्यातलीच. जुम्याच्या नमाजीला किंवा रमजानमध्ये तरावीहला गाडी बाहेर किती वेळ उभी राहणार, हे घड्याळ लावून सांगता येतं. जमातच्या कमिटीने बाहेरच्या जागेवर एक दिवा आणि एक कॅमेरा लावला, तर वर्गणीतले ते पैसे सगळ्यांच्याच उपयोगी पडतील. तोवर निदान दोन ओळखीच्या दुचाकी एकाच साखळीने बांधून ठेवता येतात.

आता कुलपाकडे येऊ. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: न तुटणारं कुलूप नसतं. कुलूप विकत घेताना आपण खरं तर मिनिटं विकत घेत असतो. अर्ध्या मिनिटात जाणारी गाडी पाच मिनिटं घेऊ लागली, तर बहुतेक चोर ती सोडून पुढे जातात. म्हणून कोणतंही साधन घेताना दोन प्रश्न विचारा. हे लांबून दिसतं का? आणि याने चोराची किती मिनिटं खर्च होतील?

दुचाकीचं हँडल लॉक जोराच्या झटक्याने तुटतं आणि जुन्या गाड्यांच्या इग्निशनच्या वायरी जोडणं अवघड नाही. त्यामुळे नुसत्या हँडल लॉकवर विसंबू नका. पुढच्या चाकाला डिस्क असेल तर डिस्क लॉक, नसेल तर जाड साखळी आणि चांगलं कुलूप घ्या. साखळी नुसती चाकातून काढू नका. खांबाला, झाडाला किंवा दुसऱ्या गाडीला अडकवा, नाहीतर दोघं मिळून गाडी उचलून टेम्पोत टाकतात. हा सगळा खर्च हजाराच्या आतबाहेर होतो.

पिकअप, टेम्पो किंवा जुनी जीप असेल, तर स्टिअरिंग किंवा गिअरला लागणारं लोखंडी कुलूप घ्या. ते काचेतून दिसतं, हाच त्याचा मोठा गुण. त्याच्या जोडीला गॅरेजमध्ये ज्याला ‘चोर स्विच’ म्हणतात तो बसवून घ्या. हे लपवलेलं बटण बंद असलं की चावी फिरवूनही इंजिन सुरू होत नाही. जुन्या गाडीला हा उपाय स्वस्त आणि भरवशाचा आहे. मात्र काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वायर उघडी राहिली तर आगीचा धोका, आणि वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला हात लावला तर वॉरंटी जाऊ शकते.

ट्रॅक्टरवाल्यांनी जास्त जागरूक राहावं. अनेक जुन्या ट्रॅक्टरांना दुसऱ्या ट्रॅक्टरची चावीही लागते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. चोरालाही ते माहीत असतं. शेतात ट्रॅक्टर मुक्कामी ठेवायचा असेल, तर चोर स्विच किंवा बॅटरीचा कट-ऑफ हवाच.

नव्या मोटारगाड्यांत बहुतेक वेळा इमोबिलायझर कंपनीकडूनच येतो. चावीत एक छोटी चिप असते. ती गाडीने ओळखली नाही तर इंजिन चालू होत नाही. त्याचा उपयोग किती, हे अमेरिकेत दिसून आलं. तिथे २०१५ च्या मॉडेलांत इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांना इमोबिलायझर मूळचाच होता, पण ह्युंदाई आणि किआच्या फक्त २६ टक्के गाड्यांना. पुढे तो नसलेल्या गाड्या कशा सुरू करायच्या याचे व्हिडिओ पसरले आणि अल्लड पोरंसुद्धा त्या पळवू लागली. एका चिपेचा फरक एवढा असतो. म्हणून जुनी गाडी घेताना तिला इमोबिलायझर आहे का, हे आधी विचारा. बिनचावीच्या, बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांना मात्र वेगळा धोका आहे. घरातल्या रिमोटचा सिग्नल यंत्राने पुढे खेचून गाडी उघडता येते. अशा गाडीचा रिमोट दाराजवळच्या खिळ्याला टांगू नका, आत पत्र्याच्या डब्यात ठेवा. आणि तिलाही दिसणारं कुलूप लावाच.

आता जीपीएस. ट्रॅकर चोरी थांबवत नाही. गाडी कुठे गेली ते सांगतो, तेही सिम चालू असेल आणि रेंज असेल तर. माळशेजसारख्या घाटात रेंज जाते. चोर सराईत असेल तर आधी यंत्रच शोधून फेकतो. दरवर्षी रिचार्जचे पैसे भरावे लागतात आणि ते भरायचं राहिलं की यंत्र नुसतं शोभेला उरतं. ट्रॅकर कुणी घ्यावा? ज्याची गाडी रात्री-बेरात्री चाकण किंवा वाशीच्या मार्केटला माल घेऊन जाते, ज्याच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर आहे आणि ज्याच्या घरात मोबाईलवरची सूचना पाहून लगेच उठणारं कुणीतरी आहे, त्याने. घेतलात तर स्वतःची बॅटरी असलेला घ्या आणि डॅशबोर्डखालच्या नेहमीच्या जागी बसवू नका. दारात उभ्या राहणाऱ्या मोटारसायकलसाठी तेवढे पैसे साखळीत घालणं बरं.

खर्चाचं माप ठरवताना गाडीची किंमत एकटी धरू नका. गाडी गेल्यावर किती दिवस धंदा बंद राहील, तेही धरा. भाजीची किंवा बकऱ्यांची ने-आण करणाऱ्याची पिकअप महिनाभर नसली, तर तेवढ्यात बांधलेली गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. गाडी कर्जाची असेल तर हप्ताही थांबत नाही. त्याच्यापुढे हजार-दीड हजाराचं कुलूप महाग नाही. तवक्कुल करण्याआधी उंट बांधायचा असतो, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत असतं. पिकअपचंही तेच.

विम्याबद्दल आपल्या घरांत वेगवेगळी मतं आहेत. तो निर्णय ज्याने-त्याने आपल्या आलिमांशी बोलून घ्यावा. इथे फक्त व्यवहार समजून घेऊ. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, पण त्यात चोरीची भरपाई मिळत नाही. गाडी चोरीला गेल्यावर अनेकांना ते पहिल्यांदा कळतं. ज्यांनी फक्त थर्ड पार्टी ठेवला आहे, त्यांना कुलपाशिवाय दुसरा आधार नाही, म्हणून त्यांनी कुलपावर थोडा जास्त खर्च करावा.

ज्यांनी पूर्ण विमा घेतला आहे, त्यांनाही नव्या गाडीची किंमत मिळत नाही. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून लिहिलेली रक्कम मिळते. तीन वर्षं पूर्ण होऊन चौथं चालू असेल, तर नेहमीच्या तक्त्याप्रमाणे मूळ किमतीतून ४० टक्के घट धरतात. नऊ लाखांची गाडी तेव्हा ५ लाख ४० हजारांची होते. उरलेले पैसे आपल्यालाच उभे करायचे असतात. आणि पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं, तर जुन्या मोटार टॅरिफप्रमाणे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट असते, तीही जास्तीत जास्त ५०० रुपये. ‘विम्यात पैसे वसूल होतील’ असं दुकानदार म्हणाला, तर हा आकडा आठवा. यंत्र सुटीसाठी घेऊ नका, गाडीसाठी घ्या.

चावी गाडीतच ठेवून पाच मिनिटं चहाला उतरण्याची सवय मोडा. चावी आत राहिलेल्या एका ट्रकच्या चोरीत सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये दाव्याच्या ७५ टक्केच रक्कम मंजूर केली, तीही लांबच्या कोर्टकचेरीनंतर. दावा करताना कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते. दुसरी चावी हरवली असेल तर आजच तशी नोंद करून ठेवा.

आणि गाडी गेलीच तर? घाबरू नका, पण वेळही घालवू नका. आधी ११२ ला फोन करा. गाडीचा नंबर, रंग आणि ओळखीची खूण सांगा. मग लगेच पोलीस ठाणं गाठा. बेल्ह्याच्या लोकांसाठी ते आळेफाटा. गाडी दुसऱ्या हद्दीत गेली असली तरी कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ऑनलाइन तक्रारही चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर तीच लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. ‘आधी चार दिवस आपणच शोधू’ असं मोठी माणसं सांगतात. शोधा, पण तक्रार नोंदवून मग.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. उशीर झालाच असेल तर हात टेकू नका. पंजाबातल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चोरीला गेला. त्याने एफआयआर त्याच दिवशी केला, पण कंपनीला ५२ दिवसांनी कळवलं. कंपनीने दावा नाकारला. २४ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तक्रार ताबडतोब झाली असेल, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येत नाही. शेतकरी तरला तो त्या दिवशीच्या एफआयआरमुळे.

गाडी सापडली नाही तर पोलिसांकडून तपासाचा अंतिम अहवाल घ्यावा लागतो. आपल्याकडे त्याला ‘ए समरी’ म्हणतात. त्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. आरटीओलाही लेखी कळवा. जुन्नरच्या गाड्यांचं एमएच १४ चं कार्यालय पिंपरी-चिंचवडला आहे. चोरीची गाडी उद्या एखाद्या गुन्ह्यात वापरली गेली, तर हे पत्र आपल्या कामी येतं. कर्ज असेल तर बँकेलाही सांगा.

उच्च सुरक्षा नंबरप्लेटबद्दलही बरेच जण विचारतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५०, चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी, असा दर ठरला. तिने चोरी थांबत नाही, पण काढून दुसऱ्या गाडीला लावणं अवघड होतं.

शेवटची गोष्ट गाडी घेणाऱ्यांसाठी. बाजारात ‘कागद नंतर देतो’ म्हणून स्वस्तात गाडी मिळत असेल, तर तिथून निघा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे, आणि माहीत नव्हतं हे पटवून देता देता वर्षं जातात. पोरगा जुनी बाईक पाहून आला असेल, तर आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर घासून बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत ती चोरीची म्हणून नोंदली आहे का, तेही पाहा. घासाघीस त्यानंतर करा.

आज रात्री एवढंच करा. दोन्ही चाव्या घरात आहेत का, ते बघा. आरसी आणि पॉलिसीचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. इंजिन आणि चेसिस नंबर एका वहीत लिहा. आणि येत्या सोमवारी बाजारात भाजी घेण्याआधी एक साखळी घ्या.